मुलीचा ताबा, बापाचा हक्क आणि स्त्रीवाद: ऐरोलीच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. विचारणारे गृहस्थ तिथल्याच एका आयटी कंपनीत नोकरी करतात. मुलगी सहा वर्षांची. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. भांडणं वाढल्यावर ती मुलीला घेऊन डोंबिवलीला माहेरी गेली, पोटगीचा अर्ज केला, आणि आता मुलीला भेटू देत नाही, फोनवर बोलूही देत नाही. ते लिहितात: ‘समानता समानता म्हणतात, मग मूल मात्र आईचंच कसं? स्त्रीवादी कायद्यांनी बापाचं एटीएम केलंय. वडिलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका ग्रुपमध्ये मी गेलो. तिथे सांगतात, पोटगी बंद करा, मुलगी आपोआप दाखवतील. काय करू?’

पोटगी बंद करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

‘मुलगी दाखवत नाहीत, मग पैसे कशाला देऊ’ आणि ‘पैसे देत नाही, मग मुलगी कशाला दाखवू’ ही दोन वाक्यं मी ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात इतकी वर्षं ऐकत आले आहे, आणि दोन्ही वाक्यांना कायद्यात थारा नाही. पोटगी मुलीच्या फीची, दुधाची, औषधाची असते. भेट मुलीच्या नात्याची असते. एकासाठी दुसरं अडवून धरता येत नाही. पैसे थांबवलेत तर थकबाकी साचेल, वसुलीचं वॉरंट निघेल, प्रसंगी तुरुंगातही जावं लागेल. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे तारखा लांबवूनही काही वाचत नाही. त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. तुमची पत्नी कमावती आहे, तिचा पगारही तिथे दिसेल, आणि मुलीचा खर्च दोघांच्या ऐपतीप्रमाणे वाटून द्या असं मागता येईल. मार्ग हा आहे. शिवाय भेटीच्या अर्जावर सुनावणी होईल तेव्हा न्यायाधीशांसमोर तुमच्या बँकेचा उतारा असेल. दर महिन्याला न चुकता मुलीसाठी पैसे पाठवणारा बाप आणि सूड म्हणून पैसे रोखणारा बाप, यांच्याकडे कोर्ट एकाच नजरेने बघत नाही.

आता तुमच्या दुःखाबद्दल. ते खरं आहे. सहा वर्षांच्या लेकीचा आवाज महिनोन् महिने कानावर न पडणं ही शिक्षाच आहे. ती तुम्हाला कुठल्याही न्यायालयाने दिलेली नाही, एका व्यक्तीने आपल्या मनाने दिली आहे. मी स्त्रीवादी वकील आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि तरीही सांगते: मारहाणीचा, छळाचा किंवा मुलीला धोका असल्याचा काही प्रश्न नसेल, तर मुलीला वडिलांपासून तोडणं चुकीचं आहे. ‘मूल हातात ठेवा, म्हणजे समोरचा वाकतो’ असा सल्ला देणारे वकील आहेत, तसा सल्ला देणारं माहेरही असतं. स्त्रियांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या आम्हा सगळ्यांनी याविरुद्ध जितकं मोठ्याने बोलायला हवं तितकं बोललेलो नाही, असं माझं मत आहे.

पण तुमचं निदान मला पटत नाही. मूल आईचंच, हा विचार स्त्रीवादातून आलेला नाही.

इंग्लंडमध्ये १८३९ पर्यंत विवाहितेचा आपल्या मुलांवर कायद्याने काहीच हक्क नव्हता. मुलं बापाची. कॅरोलिन नॉर्टन या बाईची तीन मुलं नवऱ्याने तोडून नेली. तिने झगडून झगडून कायदा करवून घेतला, तोही इतकाच की सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आईला मागता यावा. आपल्याकडचा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा उघडून बघा. कलम ६ म्हणतं, मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ असावं, हे त्याच कलमात जोडलेलं आहे. म्हणजे निर्णय घ्यायचा, सही करायची, पैशाअडक्याचं बघायचं ते बापाने, आणि न्हाऊ-माखू घालायचं, रात्री जागायचं ते आईने. गीता हरिहरन यांना मुलाच्या नावाने घेतलेल्या रोख्यांवर पालक म्हणून स्वतःची सही चालावी यासाठी रिझर्व्ह बँकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल १९९९ साली लागला. बाप हयात असला तरी तो मुलाकडे बघत नसेल तर आई पालक म्हणून काम करू शकते, एवढं त्यातून पदरात पडलं. कलमाचे शब्द आजही तसेच आहेत.

तुम्हाला जो अन्याय वाटतो तो या जुन्या वाटणीचा दुसरा अर्धा भाग आहे. संसार नीट चालू असतो तोवर या वाटणीत पुरुषाला फारसं काही टोचत नाही. घर फुटलं की पहिल्यांदा टोचतं, कारण तेव्हा न्यायाधीश विचारतात, मुलीला आजवर सांभाळलं कुणी?

हे एकाच घरापुरतं नाही. सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. ९७ मिनिटं हीसुद्धा मुळात काही काम करतात त्यांची सरासरी. मुळीच न करणारे पुरुष त्यात धरलेले नाहीत, आणि ते फार आहेत.

यात पुरुषांच्या आळसापेक्षा व्यवस्थेचा वाटा मोठा आहे, हेही मला मान्य आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवस. खासगी नोकरीत बापासाठी कायद्याने एक दिवसही नाही. कंपनीची मर्जी असेल तेवढे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं असं कायदा सांगतो, पण ते कलम बाळंतपणाच्या तरतुदींमध्ये आहे आणि दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याची मुभा त्यात फक्त आईला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या काचेच्या इमारतींमध्ये तुमच्यासारखे हजारो तरुण बाप बसतात, आणि बाळ खाली पाळणाघरात असलं तरी त्यांनी उठून जावं असं कायद्याला सुचलेलंच नाही. केंद्र सरकारची ७३० दिवसांची बालसंगोपन रजा बायकांना आहे, आणि २०१८ पासून पुरुषांना, पण तो एकटा पालक असेल तरच. बायको आहे ना, मग याला कशाला, असा त्यामागचा हिशेब. स्वीडनने १९७४ मध्येच पालकत्वाची रजा आई-बाप दोघांसाठी खुली केली. तरी बाप ती घेईनात, म्हणून १९९५ पासून एक महिना फक्त बापाचा ठेवला; त्याने घेतला नाही तर तो वाया. पुढे तो दोन महिने झाला आणि २०१६ पासून ९० दिवस. ही मागणी तिथल्या स्त्री चळवळीने लावून धरली होती. बापाचा मुलावरचा हक्क घटस्फोटाच्या अर्जात सुरू होत नाही, बाळाच्या पहिल्या महिन्यात सुरू होतो, हे त्यांना कळलं होतं.

भारताच्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेला २५७ वा अहवाल तुमच्या ग्रुपमध्ये कुणी वाचला असेल तर बरं. बाप आधी आणि आई नंतर ही कलम ६ मधली उतरंड काढून टाका, अशी शिफारस त्यात आहे. आणि संयुक्त ताब्याचा, म्हणजे मूल दोघांच्याही ताब्यात ठेवण्याचा, पर्याय कायद्यात आणा, अशीही शिफारस त्याच अहवालात आहे. पहिली मागणी स्त्रियांची, दुसरी वडिलांच्या संघटनांची, असं लोक समजतात. आयोगाने दोन्ही एकत्र मांडल्या, कारण एकीशिवाय दुसरीला अर्थ नाही. संसदेने अजून दोन्ही केलेल्या नाहीत. तुमच्या ग्रुपने यासाठी खासदाराला निवेदन दिलं तर त्यावर सही करायला मी येईन.

ग्रुपबद्दल विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. मध्यरात्री ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं लिहिणाऱ्या बापाला तिथे कुणी तरी फोन करतं, कोर्टात सोबत येतं. हे काम मोलाचं आहे आणि ते दुसरं कुणी करत नाही. पण तिथेच बायकांबद्दल जी भाषा चालते ती अंगात भिनते, आणि मग उलटतपासणीत बाहेर पडते. बायकोला नावं ठेवणारे तुमचे मेसेज उद्या तुमच्याच मुलीच्या ताब्याच्या प्रकरणात कागद म्हणून जोडले जातील. पुरुषांनी पुरुषांशी बोलायची दुसरीही जागा महाराष्ट्रात आहे. हरीश सदानी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ ही संघटना उभी केली. पुण्यात विद्या बाळ यांच्या नारी समता मंचाने पुरुषांसाठी संवादाचं केंद्र चालवलं. आणि मागे जायचं तर रखमाबाई. लहानपणी लावलेलं लग्न नाकारून, नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करेन असं तिने १८८७ मध्ये सांगितलं. त्याआधी, नवऱ्याकडे जायला तिने पहिल्यांदा नकार दिला तेव्हा, तिच्या पाठीशी तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते. आपल्याकडच्या स्त्रीवादात बाप पहिल्यापासून आहेत.

‘निम्मे दिवस आईकडे, निम्मे बापाकडे, हा नियमच करा’ ही मागणीही मी तपासून बघितली आहे आणि मला ती सरसकट मान्य नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये दोन्ही पालकांची जबाबदारी समान आहे असं गृहीत धरूनच कोर्टाने सुरुवात करावी, असा कायदा केला. लोकांनी त्याचा अर्थ निम्मा-निम्मा वेळ असा घेतला, आणि हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायका नको त्या तडजोडींना तयार होऊ लागल्या. मे २०२४ पासून तिथे ते गृहीतक काढून टाकलं आहे. ऐरोली आणि डोंबिवलीच्या बाबतीत तर साधा प्रवासाचा प्रश्न आहे. सहा वर्षांच्या मुलीला आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीहून ठाण्याला, ठाण्याहून गाडी बदलून डोंबिवलीच्या शाळेत नेणार का? संयुक्त ताबा जिथे जमतो तिथे उत्तम. जमण्यासाठी घरं जवळ लागतात आणि दोघांना एकमेकांशी मुलीच्या तापाबद्दल, फीबद्दल न भांडता बोलता यावं लागतं.

आता कामाचं. भेटीसाठी अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या काळापुरता, अर्ज करा. मुलगी नेहमी जिथे राहते तिथलं न्यायालय, असं १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम ९ सांगतं. ती डोंबिवलीत आहे, म्हणजे ठाणे जिल्हा. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: मूल खारघर किंवा कामोठ्यात असेल तर नवी मुंबई म्हणत असलो तरी जिल्हा रायगड लागतो. चुकीच्या ठिकाणी अर्ज लावून कित्येकांचे महिने फुकट गेलेले मी पाहिले आहेत.) घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर त्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मागणी करता येते.

अर्जात ‘मला मुलीला भेटायला मिळावं’ एवढंच लिहिलंत तर महिन्यातून दोन शनिवार, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत दोन तास, अशी ठरावीक ऑर्डर मिळण्याची शक्यता जास्त. बारकाईने मागा. कोणते वार, किती ते किती, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, सोबत कोण. आठवड्यात कोणत्या दिवशी किती वाजता व्हिडिओ कॉल. शाळेच्या पालकसभेला आणि स्नेहसंमेलनाला जाण्याची मुभा, प्रगतीपुस्तकाची प्रत. मुलगी आजारी पडली तर कळवणं. गणपतीत एक दिवस, दिवाळीची आणि उन्हाळ्याची निम्मी सुट्टी. यशिता साहू यांच्या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मुलाला आई-बाप दोघांच्या सहवासाचा हक्क आहे, ताबा नसलेल्या पालकाच्या भेटी आदेशात नीट आखून द्याव्यात, आणि फोन-व्हिडिओवरचा संपर्कही ठरवून द्यावा. तुमच्या अर्जात हा निकाल असायलाच हवा. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या नवव्या अनुच्छेदातही मुलाचा हा हक्क आहे. लक्षात घ्या, दोन्हीकडे हक्क मुलीचा मांडलेला आहे. तुम्हीही अर्ज तसाच लिहा. ‘माझा हक्क डावलला’ यावर पानंच्या पानं भरलेला अर्ज वाचून न्यायाधीश पान उलटतात. मुलीला रात्री झोपताना कोणती गोष्ट लागते, तिला धुळीचा त्रास आहे, ती पोहायला तुमच्याबरोबर जायची, हे वाचून ते थांबतात.

अर्थात हे लिहिण्यासाठी ते माहीत असावं लागतं. कोर्टाचे समुपदेशक विचारतील: वर्गशिक्षिकेचं नाव, जवळची मैत्रीण, तापाचं औषध किती द्यायचं, शेवटची लस कधी दिली. काही वडिलांना सगळं तोंडपाठ असतं, आणि अशांना भेटी वाढवून मिळताना मी पाहिलं आहे. काहींना कळतं की हे सगळं ‘तिच्याकडे’ असायचं. तुम्ही दुसऱ्या गटात असाल तर आता शिका. शाळेला पत्र द्या, डॉक्टरांना भेटा. कोर्टाला दाखवायला म्हणून केलंत तरी चालेल. करता करता ते तुमचं होतं.

भेटी सुरू झाल्या की पहिला मोह मॉलचा होतो. गेम झोन, पिझ्झा, मोठी बाहुली, आणि संध्याकाळी दमलेली मुलगी परत. असं करू नका. नेरूळच्या वंडर्स पार्कला जरूर न्या, पण मग घरी आणा, वरणभात तुम्ही करा, वेणी तुम्ही घाला, गृहपाठ तुम्ही घ्या. दुसरा मोह मुलीला आजीच्या हवाली करून स्वतः लॅपटॉप उघडण्याचा. आजीला नात भेटलीच पाहिजे, तिचाही जीव तुटत असेल. पण भेट तुम्हाला मिळालेली आहे. आणि मुलीला विचारू नका की आई माझ्याबद्दल काय म्हणते, तिकडे कोण येतं, तुला कुणाकडे राहायचंय. दोन घरांतला निरोप्या झालेलं मूल पोटदुखीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे फिरत राहतं. विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या २०१७ च्या प्रकरणात मुलगी वडिलांकडे होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईला दिला. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध भरवणं किती घातक असतं, हे त्या निकालात आलं आहे. तुमच्या ग्रुपमध्ये तो निकाल आईविरुद्ध वापरायला सांगतात, म्हणून त्यातली वस्तुस्थिती सांगितली.

पत्नीने छळाची तक्रार केली असेल (तुम्ही तसं लिहिलेलं नाही) तर तिला तिच्या जागी उत्तर द्या. पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५. सरसकट अटक करू नये, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने बजावलेलं आहे. ती तक्रार आणि मुलीच्या भेटी यांची गाठ मारू नका, ‘तू केस मागे घे, मी ताबा सोडतो’ हा सौदा तर मुळीच करू नका. आणि तिच्या तक्रारीत खरं काही असेल, हात उचलला असेल, तर वकिलाच्या आधी समुपदेशकाकडे जा आणि सुरुवातीच्या भेटी कुणाच्या देखरेखीखाली मागायची तयारी ठेवा.

एक व्यावहारिक सूचना. पहिल्या तारखेआधी पत्नीला एक साधं पत्र पाठवा, वकिलाच्या लेटरहेडवर नको. या महिन्याचे पैसे जमा केले आहेत, मुलीशी आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं बोलायचंय, वेळ तू ठरव, एवढंच. उत्तर आलं तर गाडी कोर्टाबाहेर मार्गी लागू शकते. नाही आलं तर ते पत्र अर्जाला जोडा. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मुलगी हवी असेल तर तो अर्ज मार्चमध्येच दाखल करा. मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी लागते, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच बाप एकदम येतात.